दारावर फांदी दिसली तर

गेल्या आठवड्यात एका मित्राचा फोन आला. गडी पहिल्यांदाच युरोपला ऑनसाईट चाललाय. व्हिसा झाला, थर्मल्स घेऊन झाली, कुकर बॅगेत बसतो का ते बघून झालं. मग आवाज एकदम खाली आणून विचारतो, "तिकडे चांगली वाईन कुठे मिळते रे? हॉटेलांची लिस्ट असेल तर पाठव ना." आवाज खाली का, तर शेजारच्या खोलीत त्याचे वडील बातम्या बघत होते.

लिस्ट होती माझ्याकडे. एकेकाळी तर रीतसर एक्सेल शीट होतं, कंडिशनल फॉरमॅटिंगसकट. पण पाठवलं नाही. म्हटलं शनिवारी सविस्तर लिहितो. तर मंडळी, हे त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी.

मी 2023 च्या जानेवारीत व्हिएन्नाला पोचलो. दीड वर्षाचं काम होतं. पहिल्या शनिवारी, आता आपण युरोपात आलो म्हणजे काहीतरी युरोपियन केलं पाहिजे, असं ठरवून शहराच्या मधोमध गेलो. स्टीफन्सडोम नावाचं प्रचंड मोठं चर्च आहे, त्याच्या मागच्या गल्लीत एक झकपक रेस्टॉरंट होतं. दारात मेन्यू, मेन्यूत फोटो, फोटोखाली इंग्रजी. आत गेलो. वाईनची यादी आली. यादी कसली, चौदा पानांची पुस्तिकाच! आणि वेटर शेजारी उभा.

अशा वेळी आपण सगळे काय करतो? सगळ्यात स्वस्त मागवायची लाज वाटते, म्हणून स्वस्तातली दुसरी मागवतो. मीही तेच करणार होतो, पण अचानक एक ओळखीचं नाव दिसलं. बोर्डो!

आता ही ओळख कुठली ते सांगतो. आमचं गाव तासगाव तालुक्यात, जिल्हा सांगली. काकांची तीन एकर द्राक्षबाग आहे. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलं की काका बागेतून यायचे ते निळसर डागांचा शर्ट घालून. "काय मारलं आज?" असं आजोबा विचारायचे आणि काका म्हणायचे, "बोर्डो." मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून केलेलं औषध. म्हणजे त्या चौदा पानांत मला ओळखू आलेलं एकमेव नाव हे बुरशीच्या औषधाचं होतं!

मागवली. आठवा हिस्सा लिटर, म्हणजे 125 मिली, नऊ युरो. पहिल्या घोटालाच तोंड असं आवळलं की हिरडा चघळल्यासारखं वाटलं. सोमवारी ऑफिसात टीममधल्या सीनियर टेस्टरबाईंना ही हकीकत सांगितली. त्या अस्सल व्हिएन्नाच्या. त्या हसल्या आणि जे म्हणाल्या त्याचा आपल्याकडचा अर्थ असा, की कोल्हापुरात जाऊन इडली मागवलीस होय रे?

मी पडलो इंजिनियर. प्रॉब्लेम दिसला की अल्गोरिदम. मग ते एक्सेल शीट तयार झालं. साडेचार ताऱ्यांच्या वर, किमान पाचशे रिव्ह्यू, ऑफिसपासून अर्ध्या तासाच्या आत. आठ-दहा वीकेंड असे घालवले. सगळीकडे माझ्यासारखेच लोक, हातात फोन घेऊन, तेच तारे बघून आलेले. हळूहळू लक्षात आलं, की तारे देणारा माणूस तिथे पुन्हा येणार नसतो. तो खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्याला तारे देतो, वेटरच्या हसण्याला देतो, स्वच्छ बाथरूमला देतो. पेल्यात काय होतं हे त्याला माझ्याइतकंच कळलेलं असतं, म्हणजे काही नाही.

मग कुठेतरी वाचलं की व्हिएन्नाला जाऊन 'होयरिगर'मध्ये गेला नाहीत तर काही खरं नाही. होयरिगर म्हणजे द्राक्ष पिकवणाऱ्याने स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या बागेची वाईन विकायची जागा. झालं! शॉटनटोरहून 38 नंबरची ट्रॅम धरली आणि ग्रिंझिंगला उतरलो. गाव चित्रासारखं. पण तिथेही टुरिस्ट बसेस उभ्या. मी ज्या अंगणात शिरलो तिथे एक जण व्हायोलिन आणि एक जण अकॉर्डियन वाजवत टेबलाटेबलाशी फिरत होता आणि आपण पाकिटात हात घालेपर्यंत हलत नव्हता. वाईन बरी होती. पण ही कुठल्या बागेची, असं वेटरला विचारलं तर त्याने खांदे उडवले. ती वाईन कोणाची आहे हे सांगणारं तिथे कोणीच नव्हतं.

शेवटी टेस्टरबाईंनाच शरण गेलो. त्या म्हणाल्या, "31 नंबरची ट्रॅम पकड. शेवटच्या स्टॉपपर्यंत बसून राहा. उतरलास की मेन्यू बघू नकोस, पाट्या वाचू नकोस. दारावर पाईनची हिरवी फांदी टांगलेली दिसली तर आत जा. नसली तर पुढच्या दारात बघ."

31 नंबर डॅन्यूब ओलांडते, मग उपनगरं मागे पडतात, आणि शेवटचा स्टॉप येतो श्टाम्मर्सडॉर्फ. बुटकी घरं, मोठे लाकडी दरवाजे, मागे बिसामबेर्ग नावाची टेकडी आणि तिच्या उतारावर द्राक्षबागा. हे सगळं व्हिएन्ना शहराच्या हद्दीत बरं का! या शहराच्या पोटात सुमारे सहाशे हेक्टर, म्हणजे जवळजवळ दीड हजार एकर द्राक्षबागा आहेत. आपल्याकडे शहराच्या हद्दीत दीड हजार एकर शेती राहिली असती का, याचं उत्तर हिंजवडीत राहणाऱ्यांनी द्यावं.

तर ही फांदी. 1784 साली सम्राट दुसऱ्या जोसेफने फर्मान काढलं, की शेतकऱ्याने आपल्या घरचं अन्न, वाईन आणि फळांचा रस वर्षात कधीही, हव्या त्या भावाने स्वतः विकावा. म्हणजे थेट शेतकरी ते ग्राहक, दोन-अडीचशे वर्षांपूर्वी. आज आमच्या घरची विक्री चालू आहे, हे कळावं म्हणून दारावर हिरवी फांदी टांगायची. ती आजही टांगतात. सोबत पाटी असते, 'आउसग्श्टेक्ट', म्हणजे फांदी बाहेर लावली आहे. वाईन संपली किंवा बागेत काम निघालं की फांदी काढून घेतात. दुकान बंद!

होयरिगर ही पाटी तशी कुणीही लावतो, भलंथोरलं रेस्टॉरंटसुद्धा. पण 'बुशनशांक' हा शब्द ऑस्ट्रियात कायद्याने राखलेला आहे. तिथे घरचीच वाईन आणि थंड खाणं, बस. पूर्वी तर खायचंही विकत नसत, लोक घरून डबा घेऊन यायचे. 'होयर' म्हणजे तिकडच्या बोलीत यंदा. यंदाची वाईन ती होयरिगर, आणि दरवर्षी 11 नोव्हेंबरला ती परंपरेने जुनी होते, मग नव्या वाईनचा मान. आपल्या नव्या तांदळासारखंच की!

मी आत गेलो. अंगणात अक्रोडाचं झाड, लाकडी बाकं. यादी एका पाटीवर खडूने लिहिलेली, पाच-सहा ओळींची. पाव लिटरचा कान असलेला जाड काचेचा मग, साडेतीन युरो. ग्र्यूनर फेल्टलिनर हे तिथलं घराघरातलं द्राक्ष, ऑस्ट्रियातल्या बागांपैकी साधारण एक तृतीयांश याच्या. त्या वाईनला मिरपुडीचा हलकासा वास येतो. सोबत काळा पाव आणि लिप्टाउअर, म्हणजे लाल तिखट घालून फेटलेलं मऊ चीज. दोन तास बसलो. एक्सेल शीट त्यानंतर उघडलं नाही.

इथपर्यंतची गोष्ट मी मित्राला फोनवरच सांगू शकलो असतो. पण तो आवाज खाली आणून बोलत होता ना, म्हणून पुढचं लिहितोय.

आमच्या घरी वाईन, बीअर, देशी, विदेशी असे भेद नाहीत. सगळ्याला एकच शब्द, दारू. त्याला कारण आहे. बाबांचे एक चुलतभाऊ होते. बाग बाबांच्या बागेला लागून. गारपिटीने एक वर्ष बाग झोपली, कर्ज झालं, आणि मग ते पीत गेले. आधी बैलजोडी गेली, मग दोन एकर गेलं, मग ते गेले. बाबा तेव्हा बँकेत नोकरीला होते. त्यांनी दोनदा कर्ज फेडून दिलं आणि तिसऱ्यांदा नाही दिलं. हे मी बाबांच्या तोंडून कधीच ऐकलेलं नाही, आईकडून ऐकलंय. व्हिएन्नाला निघताना एअरपोर्टवर बाबा एवढंच म्हणाले होते, "थंडी असती तिकडं. पण थंडीला स्वेटर असतोय."

2023 च्या ऑक्टोबरमध्ये आई-बाबा पंधरा दिवसांसाठी आले. आदल्या रात्री मी घरातल्या चार बाटल्या पिशवीत घालून टेस्टरबाईंच्या घरी नेऊन ठेवल्या. सव्वीस वर्षांचा माणूस, घरभाडं स्वतः भरतो, आणि चोरासारखा ट्रॅममधून बाटल्या नेतोय. त्या बाईंना काही कळेना. म्हणाल्या, "पण तुझे वडील तर द्राक्ष पिकवणारे ना?"

चार दिवस राजवाडे बघितले. पाचव्या दिवशी बाबा कंटाळले. म्हणाले, "एवढे महाल बघून काय करायचंय? इथं शेती कुठं असती?"

मला एकच शेती माहीत होती. 31 नंबर. मनात म्हटलं, टेकडीवर चक्कर मारायची, बागा दाखवायच्या, परत यायचं. आत कुठे शिरायचंच नाही.

टेकडीवर बाबांचं वय दहा वर्षांनी कमी झालं. तोडणी जवळजवळ उरकली होती, पानं पिवळी पडली होती. बाबा वाकून खोडाशी काहीतरी बघत होते, काडी वाकवून बघत होते, दोन ओळींतलं अंतर पावलांनी मोजत होते. पण आईचे गुडघे दुखायला लागले आणि तिला बाथरूमला जायचं होतं. खाली उतरलो तर समोर पहिलंच दार, आणि दारावर हिरवीगार फांदी. म्हटलं, घ्या!

मालकीणबाई साठीच्या. मी आधी दोन-तीनदा येऊन गेलेलो, त्यांनी ओळखलं. मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये तीन द्राक्षाचे रस सांगितले. त्यांनी रस आणला, आणि पाहुणे लांबून आलेत म्हणून कौतुकाने दोन छोटे पेले आणखी ठेवले, चवीपुरते. पिवळट, गढूळ, उसाच्या रसासारखं दिसणारं. बाबांनी पेला उचलला.

"बाबा, थांबा! ते नको."

"का?"

"त्यात दारू आहे."

ते श्टुर्म होतं. नुकतं फसफसायला लागलेला द्राक्षाचा रस, फक्त तोडणीच्या दिवसांत मिळतो. गोड लागतो, पण चढतो.

बाबांनी पेला खाली ठेवला. शांतपणे विचारलं, "तुला काय माहीत?"

खोटं बोलता आलं असतं. वाचलंय कुठेतरी, म्हणता आलं असतं. पण मालकीणबाई तिथेच उभ्या होत्या, त्यांनी मला नावानिशी हाक मारली होती.

"मी प्यालोय. इथंच. वाईनपण घेतो कधीकधी, शनिवारी."

आई टेबलक्लॉथकडे बघत राहिली. बाबा काही बोलले नाहीत. अक्रोडाची पानं पडत होती, तेवढाच काय तो आवाज. मग बाबा मालकीणबाईंकडे वळले आणि मला म्हणाले, "यांना विचार, खुंट कुठला आहे?"

मला आधी कळेचना. खुंट म्हणजे ज्या मुळावर वेलीचं कलम करतात तो. खोडाशी वाकून बाबा कलमाचा सांधा शोधत होते तर! हातवारे करून, फोनवर शब्द शोधून विचारलं. बाई हसल्या, "आमेरिका!" एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या मुळांवरच्या किडीने युरोपातल्या बागा संपवल्या, तेव्हापासून इथे वेल युरोपची आणि मूळ अमेरिकन. बाबा म्हणाले, "आमचंपण अमेरिकनच. डॉगरिज. क्षाराचं पाणी सोसतोय."

आणि मग जे सुरू झालं ते तासभर. मी मध्ये दुभाषा. रोग कुठला येतो? बाईंनी सांगितलेलं नाव बाबांना कळेना, मी फोनवर फोटो काढून दाखवला. बाबा ओरडले, "आरं हा तर दावण्या!" मग काय मारता? बाईंनी उत्तर द्यायच्या आधी बाबांनीच विचारलं, "बोर्डो?" आणि तो शब्द मला भाषांतर करावा लागला नाही. बाईंनी टेबलावर थाप मारली.

(घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं. फ्रान्सात बोर्डोजवळ रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडायचे, निळं दिसलं की चोर द्राक्षं खात नाहीत म्हणून. त्या वेलींना रोग येत नाही हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाने हेरलं आणि 1885 मध्ये ते औषध म्हणून जाहीर केलं. काकांच्या शर्टावरचे डाग आणि त्या चौदा पानांतलं नाव एकाच गावाचे!)

छाटणी किती वेळा? बाई म्हणाल्या, एकदा, हिवाळ्यात. बाबा म्हणाले, "आमच्याकडे दोन. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी. थंडी नाही ना, वेल झोपत नाही." बाईंनी विचारलं, "मग वेलीला विश्रांती कधी?" बाबा जरा थांबून म्हणाले, "सांग त्यांना, आमच्याकडे कुणालाच नसती."

बाईंच्या पाटीवर 'गेमिश्टर झाट्झ' लिहिलं होतं. ते काय, म्हणून बाबांनी विचारलं. ही व्हिएन्नाची खासियत. एकाच बागेत वेगवेगळ्या जातींच्या वेली मिसळून लावायच्या, एकत्र तोडायच्या, एकत्रच गाळायच्या. 2013 पासून तर नियमच आहे, किमान तीन जाती हव्यात आणि एकही निम्म्याहून जास्त नको. का, तर एक जात दवाने गेली तर दुसरी तरते. बाबा म्हणाले, "ही तर मिश्र पेरणी. तुझा आजा ज्वारीत तूर टाकायचा." मग बराच वेळ पाटीकडे बघत बसले आणि हळू म्हणाले, "आम्ही सगळ्यांनी एकच जात लावली. गार पडली की सगळंच जातंय." कोणाची आठवण निघाली होती हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं.

उठताना बाबांनी तो श्टुर्मचा पेला एकदा नाकाशी नेला आणि तसाच ठेवला. ट्रॅममध्ये बसल्यावर विचारलं, "शनिवारी किती घेतोस?"

"पाव लिटर."

"एकटा?"

"टीममधले असतात."

"एकटा घ्यायची नाही. आणि कर्ज असताना घ्यायची नाही." एवढंच. मग खिशातून फोन काढून काकांना लावला. तिकडे रात्रीचे दहा वाजून गेलेले. ट्रॅमभर ऐकू जाईल अशा आवाजात, "झोपला काय? आरं, इथंपण खुंट अमेरिकनच हाय!"

दुसऱ्या दिवशी मी बाटल्या परत आणल्या. बाबांनी लेबलं चष्मा लावून वाचली. झाकणावरची लाल-पांढरी-लाल पट्टी कसली ते विचारलं. 1985 साली ऑस्ट्रियातल्या काही व्यापाऱ्यांनी वाईन गोड करायला डायएथिलीन ग्लायकॉल हे रसायन घातलेलं पकडलं गेलं, निर्यात बसली, मग कडक कायदा आला आणि तपासलेल्या बाटलीवर ही पट्टी आली. "म्हणजे भेसळ इथंपण झाली होती," बाबांना बरं वाटलं.

तर मित्रा, तुझी लिस्ट. शहराच्या मध्यापासून जितका लांब जाता येईल तितका जा, ट्रॅमच्या शेवटच्या स्टॉपपर्यंत. यादी छोटी असेल तिथे बस, हाताने लिहिलेली असेल तर उत्तम. आधी फोन करून उघडं आहे का विचार, कारण ही माणसं आधी शेतकरी आहेत आणि मग हॉटेलवाली. जर्मनीत असलास तर श्टुटगार्टकडे फांदीऐवजी झाडू टांगतात. इटलीत त्रिएस्तेच्या आसपास फांदीसोबत लाल बाण असतो, त्या जागांना ओस्मित्सा म्हणतात. 'ओसेम' म्हणजे स्लोव्हेनियन भाषेत आठ, पूर्वी आठ दिवस विकायची परवानगी असायची म्हणून. मी 2024 च्या मेमध्ये बाणामागे बाण करत दीड तास चाललो होतो, फोन न काढता. आणि जिथे जाशील तिथे एकच प्रश्न विचार, ही बाग कुठे आहे? ज्याने हात करून खिडकीबाहेर दाखवलं, त्याच्याकडे पेला भरून घे.

मी आता पुण्यात आहे. ऑक्टोबर लागला, काकांकडे गोडी छाटणी सुरू झाली, की बाबांचा फोन येतो. हवा, पाऊस, बेदाण्याचा दर, सगळं सांगून झालं की शेवटी न चुकता विचारतात, "त्या बाईंची तोडणी झाली का रे?"